मदर येणार

मे महिन्यात, मंगळवारी, आई गेली. सोमवारी तिला ताप आला. संध्याकाळी पप्पा तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि मंगळवारी परत आले. माझी बहीण मितू तेव्हा चामटोलीला मामाकडे होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली.

जून आला की मला घरात बसवत नाही. पुस्तक उघडते, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचते, मिटून ठेवते. कपाट आवरायला काढते आणि अर्धवट सोडते. वरच्या मजल्यावरची मुलगी नवे बूट पायाला सवयीचे व्हावेत म्हणून घरातल्या घरात चालत असते. तिच्या टाचांचा आवाज माझ्या डोक्यावरून या खोलीतून त्या खोलीत जातो आणि त्याच्या खालून मीही. मी बदलापूरला मांजर्लीत राहते. इथे या दिवसांत सगळ्यांचीच नजर नदीच्या पुराकडे असते, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं की मी पाण्याला घाबरते. मी तसंच वाटू देते. शाळा सुरू होण्याची भीती वाटते असं या वयात कोणाला सांगणार?

लहानपणी आम्ही अंबरनाथला राहायचो, शाळाही तिथलीच. सिस्टरांची, फक्त मुलींची, इंग्रजी माध्यमाची. आमच्या चाळीत बहुतेक घरं बौद्धांची, बहुतेकांचे वडील आनंदनगरच्या कारखान्यांत कामाला, आणि मुलं जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत. आईने मात्र हट्टाने मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. माझ्या पुस्तकातलं इंग्रजी ती माझ्याबरोबर शिकली, माझ्यापेक्षा सावकाश आणि माझ्यापेक्षा पक्कं. मी आठवीत जाणार त्या वर्षी मितूला पहिलीत प्रवेश घ्यायचा होता. त्याआधी शाळेत मुलीशी बोलून बघत. म्हणून आई चपात्या लाटता लाटता तिची तयारी करून घ्यायची.

"मदर म्हणजे?"

"आई!"

"फादर म्हणजे?"

"पप्पा!"

"सिस्टर म्हणजे?"

"ताई!"

तव्यावरची चपाती उलटायच्या आत उत्तर यायला हवं, असा आईचा नियम होता. मितू तव्याकडे बघत ओरडायची. कधी कधी प्रश्न यायच्या आधीच. मुलाखतीच्या दिवशी समोरच्या सिस्टरांनी स्वतःकडे बोट दाखवून विचारलं, "हू ॲम आय?" तर मितूने सांगून टाकलं, "सिस्टर. म्हणजे ताई." त्या एवढ्या हसल्या की प्रवेश तिथेच झाला. आई घरी येऊन चाळभर सांगत फिरली, "आमच्या मितूने सिस्टरलाच ताई केलं!"

शाळेत हे तिन्ही शब्द वेगळ्याच माणसांचे असतात, हे मला ठाऊक होतं. फादर म्हणजे चर्चमधून येणारे, पांढरा झगा घातलेले. सिस्टर तर सगळ्याच. आणि मदर म्हणजे या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या, ज्या मुंबईला राहत आणि काही वर्षांतून एकदा शाळा बघायला येत. त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, लहानपणी, रांगेत लांबून. मितूला हे सांगावं असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. सांगायला घाईही नव्हती.

आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत मितूला मामाकडेच ठेवलं. ती परत आली तेव्हा भिंतीवर आईचा फोटो लावलेला नव्हता. आत्याने लावू दिला नव्हता. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. घर सांभाळायला ती गावाहून कायमची आली होती.

"पोर लहान हाय," ती पप्पांना म्हणाली. "आता शाळा सुरू व्हईल. तिथं रुळू दे. मंग सांगू."

"काय सांगायचं तोवर?" पप्पांनी विचारलं.

"दवाखान्यात हाय म्हना. खोटं कुठंय? गेलीच व्हती ना दवाखान्यात."

मग आई दवाखान्यात राहिली. सगळ्या चाळीने तिला तिथे ठेवलं. मितू नळावर गेली की बायका एकदम भाजीविषयी बोलायला लागायच्या. एकदा शेजारच्या घरातलं पोर खेळता खेळता "ए, हिची आई तर..." म्हणालं आणि त्याच्या आजीने त्याला तिथल्या तिथे धपाटा घातला. मितूने त्यालाच समजावलं, "रडू नको. माझी आई आली ना, की तुला पण बिस्किट देईल."

घरात आई गेली असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून मला रडायचीही नव्हती. आणि त्या खोट्याची हळूहळू मलाच सवय लागली. पप्पा कारखान्यातून उशिरा आले की वाटायचं, दवाखान्यातून आले असतील. आत्या डबा भरायला लागली की एक डबा आईचा असेल. मी इंग्रजी पुस्तकं वाचणारी, वर्गात पहिल्या तिघींत येणारी मुलगी. मला सगळं ठाऊक होतं. तरी संध्याकाळी दाराशी पावलं वाजली की मी उठून उभी राहायचे.

गणवेशाचं कापड घ्यायला पप्पा आम्हाला उल्हासनगरला घेऊन गेले. दुकानदार सिंधी होता, दरवर्षीचा. त्याने आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मम्मी नहीं आयी? अरे, मग माझ्याशी भांडणार कोण?"

"आई दवाखान्यात आहे," मितू म्हणाली. "बरी झाली की येणार आहे."

"साईं भली करे," तो म्हणाला आणि गज घेऊन कापड मोजायला लागला. मोजून झाल्यावर कापड हातात धरून तो थांबला. याच वेळी आई म्हणायची, "चला गं पोरींनो, पुढच्या दुकानात बघू." पप्पांनी भाव केलाच नाही. दुकानदाराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं असावं. कापडाची घडी घालताना त्याने मितूच्या हातात रंगीत चिंध्यांची एक पुरचुंडी दिली. "बाहुलीला फ्रॉक कर. मम्मी आली की शिवेल."

कापड घेतलं ते फक्त मितूसाठी. माझा जुनाच गणवेश चालणार होता. आई दरवर्षी जूनच्या आधी त्याची खालची दुमड उसवून एक पट्टी सोडायची. जिथे जुनी घडी होती तिथे कापड गडद राहायचं. माझ्या स्कर्टवर झाडाच्या खोडासारख्या वर्षांच्या रेघा होत्या. त्या वर्षी पट्टी सोडायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात तपासणी असायची. मोठ्या वर्गातल्या मुलींना गुडघ्यांवर बसवायचं, अंग ताठ. स्कर्टची कड जमिनीला टेकली पाहिजे. आम्ही हॉलमध्ये ओळीने गुडघे टेकले. सिस्टर ज्युलियाना हातात पट्टी घेऊन येत होत्या. त्या केरळच्या, शिवण शिकवायच्या, आणि त्यांचं मराठी भरभर चालायचं, पण कुठे कुठे ठेचकाळायचं.

"सुजाता! तू किती वाढला! स्कर्ट बघ कुठे, जमीन कुठे. मम्मीला सांग, हेम खाली सोड. उद्याच्या उद्या."

"आई वारली, सिस्टर," मी म्हणाले.

ते वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. गुडघ्यांवर बसून, फरशीकडे बघत. बाजूच्या मुलींचं खुसखुसणं थांबलं. शाळा सुटल्यावर त्यांनी मला शिवणाच्या खोलीत नेलं, चादर गुंडाळायला दिली आणि माझा स्कर्ट मांडीवर घेऊन उसवायला बसल्या. ब्लेडच्या तुकड्याने एक एक टाका. आईचे टाके बारीक होते. "कोण शिवला? मम्मी? फार छान काम," त्या म्हणाल्या आणि ते दोरे टाकून न देता खिडकीच्या कठड्यावर ठेवत गेल्या. मी तिथे पहिल्यांदा रडले, थोडंसं, चादरीत. मग मितूचं सांगितलं. तिला ठाऊक नाही, कोणी सांगितलेलं नाही, आणि रोज मधल्या सुट्टीत मी तिच्या मागे मागे फिरते, कोणी तिला काही सांगेल म्हणून, आणि आता तर माझ्या वर्गातल्या मुलींनाही कळलंय, त्यांच्याही बहिणी पहिलीत आहेत.

खरंच, तो सगळा जून मी धावत होते. घंटा झाली की डबा न उघडता जिना उतरायचा, पहिलीच्या वर्गाच्या दारातून मितूचं डोकं शोधायचं, ती कोणाशी बोलतेय ते बघायचं, तिचा चेहरा नेहमीसारखा आहे ना याची खात्री करायची, आणि पुन्हा वर. मितू मात्र रमली होती. शाळेच्या आवारात गुहेसारखं केलेलं एक ठिकाण होतं, त्यात मेरीमातेचा पुतळा होता. मितूने विचारलं, "ही कोणाची आई?" मी म्हणाले, "येशूची." ती म्हणाली, "आणि ती रोज शाळेत येते?"

मग एका संध्याकाळी ती नाचतच घरी आली.

"आत्या! पप्पा! टीचरने सांगितलं, मदर इज कमिंग! फ्रायडेला! आम्हाला गाणं पण शिकवलं, वेलकम मदर! सगळ्यांनी एक एक फूल आणायचं!"

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. "कोन येनार गं?"

"आई!" मितू म्हणाली. "आई डायरेक्ट शाळेत येणार आहे!"

पप्पा बूट काढत होते. एक बूट हातात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना हळूच सांगितलं, मदर म्हणजे कोण ते.

मी मितूला बाजूला घेतलं. म्हटलं, ही मदर म्हणजे म्हाताऱ्या सिस्टर आहेत, मोठ्या, मुंबईच्या.

"सिस्टर म्हणजे ताई," मितू म्हणाली. "मदर म्हणजे आई. तुला काहीच येत नाही, ताई. मला आईने शिकवलंय."

तिच्या बाजूने आई बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टर ज्युलियानांकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पहिलीच्या टीचरना निरोप दिला की नुसतं मदर म्हणू नका, पूर्ण सांगा, मदर सुपीरियर म्हणा. त्या संध्याकाळी मितू आणखीच उड्या मारत आली. तिने टीचरना त्या नव्या शब्दाचा अर्थ विचारला होता. टीचर म्हणाल्या होत्या, सुपीरियर म्हणजे एकदम चांगली, सगळ्यात वरची.

"म्हणजे आई एकदम चांगली झाली!" मितू म्हणाली. "ताप पूर्ण गेला!"

आत्या पदर तोंडाला लावून मोरीत गेली.

त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी एका जागी बसलं नाही. आत्या घासलेली भांडी पुन्हा घासायची. पप्पा रोज म्हणायचे, "आज सांगतो." जेवण झाल्यावर मितूला मांडीवर घ्यायचे, "मितू, ऐक," म्हणायचे, आणि ती म्हणायची, "आधी तुम्ही माझं गाणं ऐका." गाणं ऐकून झालं की ते चपला घालून बाहेर जायचे आणि ती झोपेपर्यंत चाळीच्या टोकाशी फेऱ्या मारत राहायचे. मितूचा पुढचा दात पडला होता. तो तिने कागदात बांधून कंपासपेटीत ठेवला होता, आईला दाखवायला. आत्या म्हणाली, "दोन दिस पोर खूश हाय तर ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "आणि शुक्रवारी?" यावर ती माझ्यावरच ओरडली, "मला काय इचारतेस? तुज्या इंग्रजीनं केलंय हे सगळं!"

शुक्रवार आला. चाळीच्या कोपऱ्यावरच्या घरासमोर अनंताचं झाड होतं. मितूने त्याचं फूल मागून आणलं. आत्याने तिची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

आम्ही फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंना उभ्या होतो, लहान वर्ग पुढे. काळी गाडी आत आली. पहिलीच्या मुलींनी गाणं सुरू केलं. मितूचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता, सगळ्यांच्या अर्धा सूर वर. गाडीचं दार उघडलं. एक वृद्ध, ठेंगण्या, चष्मा लावलेल्या सिस्टर सावकाश उतरल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मितूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती गाडीच्या उघड्या दाराकडे बघत होती, अजून गात. मागून दुसऱ्या एक सिस्टर उतरल्या, हातात पिशवी. मितू गातच होती. मग ड्रायव्हरने दार लावलं.

त्या दाराकडे मीही बघत होते. हे मी नंतर कधी कोणाला सांगितलं नाही, कारण आठवीतल्या मुलीने असं बघण्यात काही अर्थ नाही. पण दार लागेपर्यंत मी बघत होते.

मदर ओळीतून फुलं घेत घेत आल्या. मितूपाशी आल्या तेव्हा तिने फूल पाठीमागे धरलं. टीचर म्हणाल्या, "संघमित्रा! गिव्ह इट टु मदर!" मितूने नकारार्थी मान हलवली. मदर मूळच्या वसईच्या, मराठी घरातल्या, हे मला नंतर कळलं. त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि आपल्यासारखंच मराठी बोलल्या.

"कोणासाठी ठेवलंस गं?"

"मदरसाठी," मितू म्हणाली.

"मग मी कोण?"

मितूने त्यांना नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही आजी आहात."

मुली हसल्या. सिस्टर ज्युलियाना घाईने पुढे आल्या आणि मदरच्या कानाशी काही बोलल्या. मदर तशाच वाकून राहिल्या. त्यांचा चेहरा माझ्या बाजूला होता. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही.

"खरं आहे तुझं," त्या मितूला म्हणाल्या. "मी ती मदर नाही. या सगळ्या जणी मला उगाच तसं म्हणतात. फूल ठेव तुझ्याकडे. आज पप्पा कामावरून आले की त्यांना विचार, आई कुठे आहे. ते सांगतील हं."

घरी येताना मितूने ते फूल कोणाला धरू दिलं नाही. अनंताचं फूल हाताळून पिवळं पडलं होतं. ती दारातच बसली. आत्याने चहात बुडवून पाव दिला, तो तिने खाल्ला नाही. पप्पा आले. खांद्यावर डब्याची पिशवी होती, बूट पायातच होते.

"पप्पा, आई कुठे आहे?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आत्याकडेही नाही. ते उंबऱ्यावर तिच्याशेजारी बसले.

"आई आता येणार नाही, बाळा. आई वारली."

मितूने हातातलं फूल उंबऱ्यावर ठेवलं. मग विचारलं, "कधी?"

मला वाटलं, आता सगळंच बाहेर येणार. ते इतके दिवस, दवाखाना, चाळीतल्या सगळ्यांचं बोलणं. महिनाभर आपण सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, हे तिला कळणार. पप्पांचा हात तिच्या डोक्यावर होता.

"आज," ते म्हणाले.

मितू रडली. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. तिच्या रडण्याने शेजारची आजी बाहेर आली, तिच्यामागून तिची सून, मग नळावरच्या बायका. पप्पांनी एवढंच म्हटलं, "मितूची आई गेली. आज गेली." क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आजी आत आली, भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. एकेक करून सगळ्या येऊन बसल्या. मे महिन्यात बसल्या होत्या तशाच. कोणीतरी फोटो शोधून काढला, कोणीतरी मेणबत्ती आणली. त्रिशरण म्हटलं गेलं, पंचशील म्हटलं गेलं. पुरुष कामावरून आले तसे बाहेर पप्पांजवळ उभे राहिले. कोणीही चुकून काही बोललं नाही. ज्याला धपाटा बसला होता तो मुलगाही गप्प होता. आत्या ओरडून रडली. मीही त्या दिवशी मोकळ्याने रडले, मितूला धरून, जणू मलाही आताच कळलं होतं.

त्यानंतर शाळेत मितूने मदर हा शब्द तोंडातून काढला नाही. प्रार्थनेत तो आला की ती तेवढ्यापुरते ओठ मिटायची. पुढे कधीतरी मदर पुन्हा आल्या, तेव्हा सगळ्या वर्गाने "गुड मॉर्निंग, मदर" म्हटलं आणि मितू एकटी स्पष्टपणे म्हणाली, "गुड मॉर्निंग, आजी." टीचर रागावल्या. मदर नाही रागावल्या.

ती मोठी झाली, कल्याणला नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं. लग्नाआधी मला वाटलं की तिला सांगावं. मी बोलायला सुरुवात केली, जुळवाजुळव करत, जशी मी नेहमी बोलते तशी. ती साड्यांच्या घड्या घालत होती.

"मला ठाऊक आहे, ताई," ती म्हणाली. "कधीच कळलंय. शाळेत सातवी-आठवीतच."

"मग बोलली का नाहीस?"

"पप्पांना काय वाटलं असतं? त्यांनी किती विचार करून 'आज' म्हटलं होतं." मग घडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "आणि तू मे महिन्यात तिच्यासाठी रडलीस. मी कधी रडले? मी त्या शुक्रवारी रडले. तो माझा दिवस आहे. राहू दे."

पप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी तो दिवस शेवटपर्यंत बदलला नाही. जूनमध्ये मितू मुलीला घेऊन माझ्याकडे येते, आम्ही मेणबत्ती लावतो, वंदना म्हणतो, जेवतो. मे महिन्यातला मंगळवार मी एकटी पाळते. आमच्या आईचे दोन दिवस आहेत.